जुन्या गोव्यात वहिनींसोबत

गोव्याला जायचं वहिनींनी काढलं ते एसटीत, पेठच्या अलीकडे. पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही परत येत होतो. काचबिंदू आहे आणि फार उशिरा आलात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनी स्वतः नर्स. जुन्नरला आणि आसपासच्या दवाखान्यांत त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती, उलट त्याच मला समजावत होत्या.

"कडेचं आधी जातं, भावजी. समोरचं शेवटपर्यंत राहतं. नळीतून बघावं तसं. मग तेही जातं."

पुढे ट्रक उलटला होता म्हणून बस बराच वेळ जागेवर उभी होती. वहिनी खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला एकदा गोव्याला नेऊन आणाल का? जुन्या गोव्याला. हे नेतो म्हणाले होते. दोनदा रजा टाकली, दोनदा राहिलं. आता दिसतंय तोवर जाऊन येऊ. एकटीला भीती वाटते."

मी हो म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या. ही दुसरी होती. पहिली मी दिली नव्हती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. आम्ही खोडदचे. दादा आमच्या शिवारातल्या रेडिओ दुर्बिणींवर कामाला होता. त्या मोठ्या तबकड्या फिरवणाऱ्या मोटरींची देखभाल तो करायचा. मी अवसरीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरचा शॉक बसून दादाचा हात भाजला, तेव्हा ड्रेसिंग करायला ज्या सिस्टर होत्या त्याच पुढे वहिनी झाल्या. त्या नगरकडच्या, ख्रिस्ती. लग्न पुण्यात कोर्टात झालं. घरून मी एकटाच गेलो होतो, तोही आईला न सांगता.

आईने त्यांना कधी घालवून दिलं नाही आणि कधी घरातही घेतलं नाही. दादा-वहिनी जुन्नरला भाड्याच्या घरात राहायचे. सणाला खोडदला आले की ओसरीवर सतरंजी टाकली जायची, चहा यायचा. वहिनींचा कप नंतर आतल्या कपांत जायचा नाही, तो ओसरीच्या खिडकीत उपडा ठेवलेला असायचा. सव्वीस वर्षं तो तिथेच होता. मी तो रोज बघायचो. वहिनीही बघत असणार. कोणी काही बोललं नाही. त्यांना मूल झालं नाही, त्यावर मात्र गावात पुष्कळ बोललं गेलं.

दादाने धर्म बदलला नाही. रविवारी वहिनींना मोटरसायकलवर चर्चला सोडायचा आणि बाहेर गाडीवर बसून पेपर वाचायचा. काही वर्षांनी तो आत शेवटच्या बाकावर बसायला लागला. ऊन लागतं म्हणून, असं त्याने मला सांगितलं होतं. त्यांच्या घरात एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर गोव्याच्या कॅथेड्रलचं चित्र. वर्ष संपल्यावर दादाने तारखांचा भाग कापून टाकला आणि चित्राला फ्रेम केली. "एवढं मोठं बांधलंय तर बांधणाऱ्यांनी वायरिंगचं काय केलं असंल, ते बघायचंय," असं तो म्हणायचा. त्या काळी वीज नव्हती, हे त्याला सांगितलं तरी तो हेच म्हणायचा.

गोव्याला जायच्या चार वर्षं आधी एका रविवारी तो आईला भेटायला खोडदला आला होता. कांदा काढणी चालली होती. बांधावरून चालताना खाली बसला तो उठलाच नाही. नारायणगावला नेलं तेव्हा संपलेलं होतं. घरी आणलं. वहिनी जुन्नरला ड्यूटीवर होत्या, त्यांना यायला दीड तास लागला. तोवर चुलत्यांनी सगळी तयारी केली होती. मूल नसल्यामुळे अग्नी मी द्यायचा होता. मी खाली बसून तिरडी बांधत होतो. बायकांचं रडणं चाललं होतं. वहिनी युनिफॉर्मवरच आल्या होत्या. माझ्या मागे येऊन वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"भावजी, जरा थांबा. यांनी मला सांगून ठेवलंय. मला जाळू नका, तुझ्या शेजारी जागा ठेव म्हणून. मी चर्चच्या पाळकांना फोन करते. तासभर थांबा फक्त."

मी मान वर केली नाही. समोरच्या पोराला म्हणालो, "सुतळी दे रे इकडं."

वहिनी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बायकांकडे गेल्या. तिथे त्यांना कोणी जागा करून दिली नाही, म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अंधार पडायच्या आत आम्ही दादाला नेलं.

त्यानंतरही वहिनी माझ्याशी चांगल्या वागल्या. सुरुवातीला मला त्याचंच आश्चर्य वाटायचं. माझा रक्तदाब त्याच तपासायच्या. माझ्या बायकोच्या गुडघ्यांसाठी गोळ्या लिहून घेऊन द्यायच्या. चूक विसरायची त्यांची ती रीत असेल, असं मी धरून चाललो. माणूस सोयीचं ते धरून चालतो.

गोव्याला निघायचं ठरलं तेव्हा बायकोला प्रवास झेपणारा नव्हता. ती म्हणाली, "तुमी जाऊन या. त्यांचं डोळं हायेत तवर." गावात मात्र पारावर एकाने मला थांबवलं. "गोव्याला? वैनीला घिऊन? मजाय राव तुमची." मी हसलो. तेव्हाही मी गप्पच राहिलो, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. पुण्याहून रेल्वेने मडगाव, तिथून पणजी, आणि पणजीहून सकाळच्या बसने नदीच्या काठाकाठाने जुनं गोवं. बसमध्ये वहिनींनी केसांना दोनदा हात लावला, पदर नीट केला. पांढरी सुती साडी नेसल्या होत्या. लग्नाला निघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

बसमधून उतरल्यावर मला आधी काही गावच दिसलं नाही. रुंद रस्ता, हिरवळ, नारळाची झाडं, आणि त्यात दूर दूर उभी असलेली प्रचंड मोठी चर्च. घरं नाहीत, दुकानं म्हणजे मेणबत्त्यांच्या आणि टोप्यांच्या टपऱ्या. एक गाईड शाळेच्या सहलीला सांगत होता की इथे एके काळी मोठं शहर होतं, मग साथी आल्या, माणसं मेली, उरलेली पणजीकडे निघून गेली, घरांचे दगडसुद्धा लोकांनी उचलून नेले. वहिनी ऐकत उभ्या राहिल्या.

"चर्च तेवढी राहिली," त्या म्हणाल्या. "वस्ती गेली."

कॅथेड्रलला एकच मनोरा आहे. दुसऱ्या बाजूचा फार पूर्वी कोसळला, तो परत कोणी बांधला नाही. वहिनींना एका नजरेत एवढी मोठी इमारत दिसत नव्हती. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली फिरवत त्या ती तुकड्यातुकड्याने बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चित्रात लहान होतं तेच बरं होतं. सगळं एकदम दिसायचं."

दारातून आत गेलो आणि बाहेरच्या उन्हातून आलेल्या त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच राहिलं नाही. त्या थबकल्या. मी हात पुढे केला. सव्वीस वर्षं आणि वर चार, एवढ्या काळात मी वहिनींचा हात कधी धरला नव्हता. त्यांनी माझं मनगट पकडलं. नर्सचा हात, घट्ट आणि कोरडा.

पुढे सोन्याने मढवलेली उंच वेदी होती. दोन्ही बाजूंना लहान लहान दालनं, प्रत्येकात मूर्ती, फुलं, मेणबत्त्या. कोंकणीत प्रार्थना चालली होती. वहिनी शेवटून तिसऱ्या बाकावर बसल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. मधूनच एखादा शब्द मराठीसारखा यायचा, त्या मान हलवायच्या, मग पुढचं निसटायचं. लोक गुडघ्यावर बसले की त्या बसायच्या, पण एका क्षणाने मागे. छातीवर हात नेऊन क्रूसाची खूण करायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात मांडीवरच राहिला. एका बाईने वळून बघितलं.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्यात मूर्ती नसतात, भावजी. ती खूणही नसते. आमचं चर्च म्हणजे चार भिंती आणि एक बाजाची पेटी. मला वाटलं होतं, इथं आल्यावर आपल्या घरी आल्यासारखं वाटेल." मग म्हणाल्या, "खोडदच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

कॅथेड्रलच्या मागेच दुसरं एक जुनं चर्च आहे. तिथे आता प्रार्थना होत नाही, लोक नुसतं बघायला येतात. आत गर्दी नव्हती. भिंतीवरची रंगवलेली लाकडं काळवंडली होती. मी वर छताकडे बघत चाललो होतो. वहिनी चालता चालता थांबल्या, म्हणून मीही थांबलो.

"पायाखाली काय आहे?" त्यांनी विचारलं. "खडबडीत लागतंय."

मी खाली बघितलं. सगळी फरशी थडग्यांच्या दगडांची होती. दाराजवळून आतपर्यंत, दगडाला दगड लावून. त्यांवर ढाली, मुकुट, कवट्या कोरलेल्या, आणि परक्या भाषेतली मोठमोठी अक्षरं. शेकडो वर्षं माणसं चालून चालून मधली अक्षरं झिजून गेली होती, कडेची राहिली होती. मी वहिनींना तसं सांगितलं.

त्यांनी तिथल्या तिथे चपला काढून हातात घेतल्या. रखवालदार उठून आला. "मॅडम, चप्पल घालून चालेल. सगळे तसेच जातात."

"मला नाही चालणार," वहिनी म्हणाल्या.

कडेने भिंतीला हात लावत त्या थोड्या पुढे गेल्या आणि एका दगडाशेजारी जमिनीवर बसल्या. हाताने त्याची कड चाचपली. मग अक्षरांवरून बोट फिरवलं. मी शेजारी टेकलो. कबर कोणाची ते मला वाचता येत नव्हतं. वहिनी बराच वेळ बोट फिरवत होत्या.

"भावजी," त्यांनी विचारलं, "राख कुठं टाकली?"

चार वर्षांत हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. सावडायला तिसऱ्या दिवशी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

"अस्थी आळंदीला नेल्या," मी म्हणालो.

"आणि राख?"

"मीनेत."

"तेव्हा पाणी होतं नदीला?"

खोटं बोलता आलं असतं. पण जुन्नरला राहिलेल्या माणसाला कांदा काढणीच्या दिवसांत आमच्या नदीला किती पाणी असतं ते ठाऊक असतं. धरणातून पाणी सोडलं तरच ती वाहते. त्या दिवशी पात्रात हिरवं डबकं होतं आणि भोवती चिखल. पोतं मी त्यातच रिकामं केलं. राख वाहिली नाही, चिखलावर तशीच पसरून राहिली. चुलते म्हणाले, "चला, ऊन वाढतंय," आणि आम्ही निघालो. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून मी बघितलंही नाही. हे सगळं मी वहिनींना सांगितलं.

"म्हणजे वाहून गेली नाही."

"पाणी सोडल्यावर गेली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या.

शाळेची सहल आत आली. पोरं थडग्यांवरून उड्या मारत गेली, बाई त्यांना ओरडल्या, आणि परत शांत झालं. वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला. चष्म्याने त्यांना फार फरक पडत नव्हता.

"अजून एक विचारते. त्या दिवशी मी तुमच्या मागं येऊन बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

मला वाटतं, माझं सगळं आयुष्य त्या दोन-तीन क्षणांत माझ्यासमोर बसून होतं. नाही म्हणालो असतो तर पुरलं असतं. रडारड चालली होती, मी वाकलेलो होतो, कोणालाही पटलं असतं. पण त्या दगडांवर बसून ते तोंडातून निघेना.

"आलं होतं," मी म्हणालो. "सगळं ऐकलं होतं."

वहिनींनी मान डोलावली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. पेशंटने सांगितलेलं ऐकून घ्यावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"मला वाटायचं, तुमच्या कानावर गेलंच नसेल," त्या म्हणाल्या. "एवढा आवाज चालला होता. मीच हळू बोलले. जोरात बोलायला पाहिजे होतं असं म्हणून मी चार वर्षं स्वतःलाच दोष दिला. आणि भावजींना ऐकू आलं असतं तर ते थांबले असते, असं धरून चालले होते."

मी "वहिनी" एवढंच म्हणालो.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि उठायला लागल्या. मी हात दिला. त्यांनी तो घेतला नाही, भिंतीला धरून उठल्या.

परत जाऊ या का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. एवढ्या लांब आलोय तर सगळं बघू. मग आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या लाल दगडाच्या चर्चमध्ये गेलो. तिथे एका संताचं शव चांदीच्या पेटीत उंचावर ठेवलेलं आहे. शेकडो माणसं मान वर करून बघत होती, मोबाइलवर फोटो काढत होती. वहिनींना एवढ्या वरचं दिसणं शक्य नव्हतं.

"काय दिसतंय, सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगत गेलो. पेटी कशी, नक्षी कशी, वर दिवा कसा टांगलाय. त्या पुढे बघत ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "एवढी वर्षं माणसाला ठेवलंय." 

दुपारी आम्ही टेकडीवरच्या पडक्या चर्चपाशी गेलो. तिथे छत नाही, भिंती कमरेएवढ्या, आणि एका मनोऱ्याचा उभा चिरलेला अर्धा भाग तेवढा आभाळात राहिलेला. वाऱ्याने गवत हलत होतं. मी धीर करून म्हणालो, "वहिनी, जुन्नरच्या कबरस्तानात दादाच्या नावाचा एक दगड बसवू. मी पाळकांना भेटतो, हातापाया पडतो. तुमच्यासाठी शेजारी जागा ठेवायला सांगतो."

"खाली कोणी नसताना?"

"नाव तरी राहील."

"खोटा दगड नको, भावजी." त्यांचा आवाज पहिल्यांदा थोडा चढला. "ते तिथं नाहीत हे मला माहीत असताना मी त्याच्याजवळ जाऊन बसू? लोकांना दाखवायला?"

आम्ही संध्याकाळच्या बसने पणजीला आलो. परतीच्या सगळ्या प्रवासात त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. डबा उघडून दिला, माझी गोळी घेतली का विचारलं. पण जिना उतरताना, रस्ता ओलांडताना त्या अनोळखी माणसाचा हात मागायच्या. मी शेजारी असायचो.

जुन्नरला त्यांना सोडून मी खोडदला आलो. आई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिचं वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत. "झाला का देवदेव?" तिने विचारलं.

मी तिच्यासमोर बसलो आणि चार वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. दादाला जाळून घ्यायचं नव्हतं, त्याने वहिनींना तसं सांगून ठेवलं होतं, वहिनींनी मला थांबायला सांगितलं होतं आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आई लसूण सोलत राहिली.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाव व्हतं?"

"त्यानं मला बी सांगितलं व्हतं. त्याच दिशी सकाळी. हितंच बसून. म्हनला, आई, मला तिच्याजवळ पुरा, तू आडवी येऊ नगं."

मी विचारलं, "मग तू बोलली का न्हाईस?"

"का बोलू?" तिने पाकळी ताटलीत टाकली. "सव्वीस वरसं तिच्याकडं व्हता. सनाला पावन्यावानी यायचा. तिकडं पुरला असता तर मेल्यावर बी तिचाच. मला एक दिस तरी माझा नगं व्हय?"

तिच्यावर ओरडावं असं मला वाटलं. ओरडलो नाही. ती पुढची पाकळी सोलायला लागली होती. आत जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आता उकरून काय मिळायचं?"

वहिनींनी पुढच्या उन्हाळ्यात जुन्नरचं घर सोडलं. नगरला त्यांची धाकटी बहीण असते, तिच्याकडे गेल्या. सामान भरायला मी टेम्पो घेऊन गेलो होतो. फार नव्हतंच. भांडी, दोन पेट्या, दादाचं हत्यारांचं खोकं. खोकं मला द्यायला निघाल्या होत्या. मी नको म्हणालो, मग त्यांनी ते शेजारच्या वायरमनला दिलं.

आता त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. उजव्याने समोरचं माणूस उभं आहे एवढं कळतं. मी दोन-तीन महिन्यांनी जाऊन येतो. बहीण चहा करते. वहिनी पावसाचं विचारतात, कांद्याच्या भावाचं विचारतात, माझ्या बायकोच्या गुडघ्यांचं विचारतात. गोव्याचं आम्ही दोघंही बोलत नाही.

मागच्या वेळी निघताना त्यांनी विचारलं, "आई कशा आहेत?"

दादाने त्या सकाळी आईला काय सांगितलं होतं, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगावं असं ठरवूनच दर वेळी मी बसमध्ये बसतो.

"बऱ्या आहेत," मी म्हणालो, आणि चपला घालायला वाकलो.